वसईच्या ख्रिस्ती लोकजीवनातील ईश्वरशक्तीचा भरवसा

इ. स. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी अप्पाच्या स्वाधीन झाला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेची दोनशे वर्षांची कारकीर्द संपुष्टात आली. किल्ल्यातील फिरंगी सरदार, शिपाई व गोऱ्या वर्णाचे धर्मगुरू जहाजांतून निघून गेले. मागे राहिली ती शेतकरी, बागाईतदार व कोळी यांची देशी ख्रिस्ती प्रजा. तिच्या डोक्यावरील राजछत्र गेले, मठांची उत्पन्ने गेली, आणि ज्या चर्चांच्या घंटांनी तिचा दिवस उगवत व मावळत असे त्यांपैकी काही घंटा देशावरील देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. असे असूनही ही प्रजा बहुसंख्येने ख्रिस्तीच राहिली. वसईच्या इतिहासात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. राजसत्तेच्या आश्रयाने, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या दडपणाने, वाढलेला धर्म राजसत्ता गेल्यावर टिकला, तो कशाच्या बळावर?

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. मिशनरी परंपरेतील लेखक टिकावाचे श्रेय मागे राहिलेल्या गोमंतकीय धर्मगुरूंच्या निष्ठेला देतात. समाजशास्त्रीय वळणाचे लेखक जातिबंधनाकडे बोट दाखवतात. वसईतील सामवेदी, वाडवळ, कोळी इत्यादी समाजांनी धर्मांतरानंतरही आपापले बेटीव्यवहार राखले, त्यामुळे परतीची वाट त्यांना आपोआपच बंद झाली, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. धर्मगुरू थोडे होते व दूर होते; आणि जातिबंधन मनुष्याला समाजात धरून ठेवते, पण मध्यरात्री आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईने कोणाचा धावा करावा हे ते ठरवीत नाही. तेव्हा टिकावाचा शोध घ्यावयाचा तर तो मठांच्या दफ्तरांपेक्षा रोजच्या जगण्यातच घ्यावा लागतो. वसईच्या ख्रिस्ती माणसाने देवाकडे काय मागितले, केव्हा मागितले, आणि ते मिळेल असा भरवसा त्याला का वाटला, ही या शोधाची सूत्रे होत.

आरंभीचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई व तिच्या लगतचा मुलूख पोर्तुगिजांस दिला. फ्रान्सिस्कन संघाचा आंतोनियु दु पोर्तु हा येथील पहिला उद्योगी मिशनरी; मंडपेश्वराच्या लेण्याचे चर्च याच संघाच्या हातून झाले. १५४८ मध्ये जेझुइट आले. संत फ्रान्सिस झेवियरचे पायही वसईला लागले. निर्मळ हे हिंदूंचे प्राचीन तीर्थ या काळात मोडले गेले व तेथे पवित्र क्रूसाच्या नावाने चर्च उभे राहिले. धर्मप्रसाराचे हे पर्व निर्दोष होते असे कोणाही निःपक्षपाती अभ्यासकास म्हणता येणार नाही. अनाथांविषयीचे कायदे, सरकारी नोकऱ्यांतील पक्षपात व १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनंतर कडक झालेले निर्बंध ही त्याची साधने होती. नवख्रिस्ती माणसाला आरंभी जो देव दिसला तो जेत्याचा देव होता आणि त्याची शक्ती म्हणजे तोफांची शक्ती, अशी समजूत होणे स्वाभाविकच होते. पुढे दोनशे वर्षांत या समजुतीत जो बदल झाला, तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या बदलाची पहिली भूमिका वसईची जमीन व तिचे पाणी ही आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा. आणि या तिन्ही खाऱ्या पाण्यांनी वेढलेल्या रेताड पट्टीच्या पोटात गोडे पाणी. पावसाचे पाणी वाळूत मुरते व जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. थोडे खणले की ते लागते, आणि अधिक उपसले की खाली दबलेले खारे पाणी वर येते. हे गोडे पाणी साठवावे व मुरवावे म्हणून वसईकरांनी वाडीवाडीतून बावखले खणली. विहिरीवर व बावखलावर रहाट बसवून बैलांकडून पाणी उचलले जाई. केळी, पानवेली, ऊस, फुले व भाजीपाला यांची बागाईत याच पाण्यावर उभी राहिली. आगाशीची सुकेळी तर दूरवर नावाजली. सतराव्या शतकात आलेल्या युरोपीय प्रवाशांनी वसईच्या उसाच्या मळ्यांची वाखाणणी केली आहे. प्रवाशाच्या दृष्टीला संपन्नता दिसली यात नवल नाही. परंतु बागाईतदाराच्या दृष्टीने ती संपन्नता एका बोटभर जाडीच्या गोड्या पाण्यावर तोललेली होती. एक पावसाळा ओढून गेला, की पानवेल करपते. पानवेल ही तशी लाडाची, एकदा गेली की पुन्हा मांडव उभारून ती धरेपर्यंत घर कर्जात बुडते. अशा ठिकाणी देवाच्या सामर्थ्याचा विचार हा तत्त्वज्ञानाचा विषय राहत नाही. तो विहिरीतील पाण्याच्या पातळीचा विषय होतो.

रोमन चर्चचे उपासनावर्ष मात्र भूमध्य समुद्राच्या हवामानात घडलेले होते. शेतांवर आशीर्वाद मागण्याच्या मिरवणुका, ज्यांत पिकांसाठी संतांची लितानी म्हणत धर्मगुरू शिवारातून फिरत, त्या २५ एप्रिलला व स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीच्या तीन दिवशी होत. म्हणजे युरोपात गहू पोसवत असतो तेव्हा. कोकणात त्या दिवसांत शेत भाजून काळे पडलेले असते. तेव्हा येथे त्या प्रार्थनेचा रोख उभ्या पिकाकडून येणाऱ्या पावसाकडे वळला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. पर्जन्ययाचनेची प्रार्थना रोमन मिस्सलात होतीच. ती येथे शब्दशः लागू पडली. कापणीचा सण मात्र पंचांगात आयता नव्हता. तो उत्तर कोकणच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या भाताच्या हंगामाप्रमाणे ऑक्टोबरात बसवला. ‘आगेरा’ या नावाने तो ओळखला जातो. नव्या भाताची पहिली कणसे चर्चमध्ये नेऊन वेदीपुढे ठेवावयाची, धर्मगुरूने त्यांवर आशीर्वाद म्हणावयाचा, आणि मग ती घरोघर वाटून घ्यावयाची, असे त्याचे स्वरूप. हिंदू घरांतील नव्याच्या पूजेशी त्याचे साम्य उघड आहे. या साम्यावरून काही लेखक ‘जुनाच सण, नवे नाव’ असा निर्णय देऊन मोकळे होतात. तो निर्णय घाईचा आहे. नवान्न पहिल्याने देवाला अर्पावे ही आज्ञा बायबलच्या जुन्या करारातही स्पष्ट शब्दांत आहे. येथे दोन परंपरा एकाच कणसावर येऊन भेटल्या. शेतकऱ्याच्या मनात त्या वेळी त्यांपैकी कोणती होती, हे कोणत्याच दफ्तरात लिहिलेले नाही.

समुद्रावर हाच प्रकार आणखी ठळकपणे दिसतो. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळ्यांचा हंगाम श्रावणात उघडतो. हिंदू कोळी नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करतो. ख्रिस्ती कोळ्याच्या होड्यांवर हंगामापूर्वी धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतो. दोघेही त्याच दिवसांत, त्याच वाऱ्याकडे डोळे लावून, त्याच समुद्रात उतरतात. फरक आहे तो एवढाच, की पहिला दर्यालाच विनवतो आणि दुसरा दर्यावर ज्याची सत्ता आहे त्याला. शिष्यांची होडी वादळात सापडली असता ख्रिस्ताने वारा व लाटा यांस दटावून शांत केले, ही शुभवर्तमानातील कथा कोळ्याला समजावून सांगावी लागत नाही. शेतकऱ्याला बी पेरणाऱ्याचा दाखला जितका जवळचा, तितकीच कोळ्याला ही कथा. गालील समुद्राच्या कोळ्यांनी लिहविलेला धर्म वसईच्या कोळीवाड्यात परका वाटला नाही, याची ही एक बाजू अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे.

परंतु या कथा लोकांपर्यंत पोहोचल्या कोणत्या भाषेतून? उपासना लॅटिनमध्ये, कारभार पोर्तुगीजमध्ये. यांपैकी एकही भाषा केळीच्या बागेत बोलली जात नव्हती. गोव्याच्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ छापून ही अडचण ओळखल्याचे दाखवले. त्याच्या १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. उत्तर कोकणाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ग्रंथ मात्र दुसरा आहे. फ्रान्सिस्कु वाझ दि गिमारांइश नावाच्या धर्मगुरूने ख्रिस्ताच्या दुःखसहनाची व मरणाची कथा येथील ख्रिस्ती लोकांच्या बोलीत पद्यबद्ध केली. १६५९ मध्ये ती लिस्बन येथे रोमन लिपीत छापली गेली. लोकांनी तिला ‘पुराण’ हेच नाव दिले. उपवासकाळात ती गाऊन वाचण्याची चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. १८४५ मध्ये मुंबईस तिची नवी आवृत्ती काढावी लागली, यावरूनच तिचा खप ध्यानी यावा. काव्य म्हणून स्टीफन्सची सर तिला नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु इतिहासकाराला काव्यगुणांइतकेच ग्रंथाच्या वापराचेही मोल असते. धर्मगुरू नसताना, चर्चचे छप्पर कोसळले असताना, घराच्या ओटीवर बसून चार माणसांत वाचता येईल असे काही या समाजाच्या हाती होते. आणि त्या ग्रंथाचा विषय विजय हा नव्हता. एका निरपराध माणसाचा छळ, त्याच्या आईचा विलाप आणि त्याचे मरण हा होता. जेत्याचा देव येथे क्रूसावर टांगलेला दिसतो. १७३९ नंतर हरलेल्या पक्षाची म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रजेला या देवाची ओळख पटण्यास अडचण पडली नसावी.

आता आजाराकडे वळावे. ईश्वरशक्तीवरील भरवशाची खरी कसोटी तेथेच लागते. वसईच्या किल्ल्याबाहेर, सांडोरच्या बाजूस, डोमिनिकन संघाच्या व्यवस्थेखाली मारियामातेचे एक चर्च होते. तिचे पोर्तुगीज नाव ‘नोस्सा सेन्योरा दुश रेमेदियुश’. ‘रेमेदियु’ म्हणजे औषध, उपाय. लोकांनी त्याचे ‘रमेदी’ केले, आणि मातेच्या नावावरून त्या जागेलाही रमेदी म्हणू लागले. शब्दाचा पोर्तुगीज अर्थ विसरला गेला. परंतु अर्थाने सांगितलेले काम विसरले गेले नाही. आजाऱ्यांसाठी, मूल व्हावे म्हणून, हरवलेले मिळावे म्हणून लोक तेथे जात राहिले, आणि त्यांत ख्रिस्तीतर लोकही असत. १६९५ मध्ये वसईस आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने प्लेगसारख्या गाठीच्या रोगाने शहराचा मोठा भाग ओस पडल्याचे लिहून ठेवले आहे. किल्ल्याच्या तटांनी शत्रू थोपवला, रोग थोपवला नाही. साम्राज्याचे वैद्यक त्या काळी रक्त काढण्यापलीकडे फारसे जात नव्हते. अशा वेळी ‘उपायांची माता’ हे नाव किती ओढ लावणारे ठरले असेल, हे सांगण्याची गरज नाही.

येथे एक धर्मशास्त्रीय पेच उभा राहतो, आणि त्याला बगल देणे उचित नव्हे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मधील आपल्या अखेरच्या बैठकीत निक्षून सांगितले होते, की मूर्तीत दैवी सामर्थ्य नसते. तिला दिलेला मान ती ज्याची प्रतिमा आहे त्याला पोहोचतो, आणि संत हे केवळ देवापाशी रदबदली करतात. भरवसा देवावर, संत हे मध्यस्थ. आता भाविकाचा व्यवहार पाहावा. तो नवस बोलतो. शब्दही नवस हाच. मुलगा बरा झाला तर मेणबत्त्या लावीन, अनवाणी चालत येईन, मेणाचा हात किंवा पाय वाहीन. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे अवयव आजही वाहिले जातात, आणि ते वाहणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. हा भरवसा की सौदा? धर्मगुरूंच्या प्रवचनांत सौद्याचा निषेध आढळतो; पण नवसाची मेणबत्ती कोणी विझविली नाही. वस्तुतः सौदा हा शब्द येथे पुरेसा नाही. व्यापारी सौदा करतो तो समोरचा पाळील अशी खात्री नसते म्हणून, लेखी. नवस बोलणारा स्वतःला बांधून घेतो, देवाला नव्हे. मागणे फळले नाही तरी तो पुढल्या वर्षी पुन्हा येतो, आणि हे सौद्याच्या नियमात बसत नाही.

वसईच्या संग्रामाच्या दुसऱ्या बाजूसही असाच एक नवस उभा आहे. किल्ला हाती येईना तेव्हा चिमाजी अप्पाने वज्रेश्वरी देवीस नवस केला आणि विजयानंतर वसईचा सुभेदार शंकराजी केशव याच्याकरवी तिचे तटबंदी देऊळ बांधविले, अशी परंपरा आहे. म्हणजे एकाच वेढ्यात तटाच्या आत रोजरीची जपमाळ फिरत होती आणि तटाबाहेर देवीला साकडे घातले जात होते. निकाल एकाच बाजूने लागला. ज्यांच्या प्रार्थनेला यश आले नाही त्यांनी देवाच्या सामर्थ्याविषयी कोणता निष्कर्ष काढला? तोफांची शक्ती म्हणजेच देवाची शक्ती, हे समीकरण खरे असते तर निष्कर्ष सरळ होता: देव हरला. हा निष्कर्ष बहुसंख्यांनी काढला नाही. यावरून एवढे तरी निश्चित होते, की १७३९ पूर्वीच हे समीकरण लोकमनात सुटे झालेले होते. किल्ल्याचा देव व विहिरीचा देव एकच असला, तरी लोकांचा करार विहिरीवर झालेला होता.

मराठ्यांच्या धोरणानेही या गोष्टीस हातभार लावला, हे नोंदवले पाहिजे. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस धर्माचरणाची मोकळीक देण्यात आली होती. निर्मळचे तीर्थ पुन्हा प्रतिष्ठित झाले व कार्तिकातील यात्रा भरू लागली. पण त्याचबरोबर ख्रिस्ती उपासनाही चालू राहिली. १७६० च्या सुमारास साष्टीतून प्रवास केलेल्या आंकेतील द्यु पेराँ या फ्रेंच विद्वानाने ख्रिस्ती सण उघडपणे साजरे होत असल्याचे नोंदवले आहे. युरोपीय संघांचे मठ ओस पडले आणि त्यांची जागा गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी घेतली. हे धर्मगुरू गरीब होते, संख्येने थोडे होते, आणि एकेकाकडे दूरदूरची गावे होती. परिणामी उपासनेचा भार गावावर, किंबहुना घरावर आला. तिठ्यावरील क्रूसापुढे संध्याकाळी जमून लितानी म्हणणे, ज्याला लोक ‘लदीन’ म्हणतात, ही चर्चशिवायची उपासना होती. तिला पाद्री लागत नाही, पाठ येणारा एक वृद्ध आणि प्रतिसाद देणारी मुले लागतात.

या सगळ्या विवेचनाच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा आहे, आणि तोच सर्वांत बोलका आहे. १८१७ मध्ये बंगालात उद्भवलेली पटकीची महामारी पुढील वर्षी मुंबई इलाख्यात पोहोचली. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने नोंदवले आहे, की १८२०-२१ च्या सुमारास या साथीत ख्रिस्ती कोळ्यांपैकी बरेच जण हिंदू धर्मात परत गेले. आगऱ्यांतील ‘वरप’ नावाची पोटजातही १८२० व १८२८ मध्ये ख्रिस्ती धर्मातून परतलेल्यांची असल्याचे तेथेच सांगितले आहे. जे राजसत्ता गेल्याने झाले नाही, ते पटकीने झाले. ऐंशी वर्षे टिकलेला भरवसा एका साथीत ढळला.

हा पुरावा टिकावाच्या जातिबंधनवादी उपपत्तीस मारक आहे. परतीची वाट बंद होती हे म्हणणे यापुढे टिकत नाही. ती वाट होती आणि काही जण तिने गेले. धर्मगुरूंच्या निष्ठेची उपपत्तीही येथे अडखळते, कारण ज्यांनी वाट धरली त्यांनाही तेच धर्मगुरू होते. प्रश्न ईश्वरशक्तीचाच होता. पटकी ही नवी होती. प्लेगला संत सेबास्तियन होता, वादळाला मारियामाता होती. सकाळी धडधाकट असलेल्या माणसाला संध्याकाळी मातीआड करणाऱ्या या रोगाला मात्र कोणाचेच नाव जोडलेले नव्हते. शेजारच्या हिंदू वस्तीत मात्र साथ म्हणजे देवीचा कोप ही उपपत्ती तयार होती, आणि तिच्याबरोबर शांतीचा विधीही तयार होता. घाबरलेल्या माणसाला अर्थ हवा असतो व हाताला काम हवे असते. दोन्ही शेजारी मिळाले. गेलेले लोक अश्रद्ध होते असे नव्हे. देव सामर्थ्यवान आहे यावर त्यांचा विश्वास इतका दृढ होता, की सामर्थ्याचा प्रत्यय न येताच ते दुसऱ्या दारी गेले. आणि जे राहिले त्यांचा भरवसा केवळ फलप्राप्तीवर उभा नव्हता, असे अनुमान यातून निघते. तो फलाच्या पलीकडे, ‘पुराणा’तील क्रूसापर्यंत पोहोचलेला असावा. अर्थात राहिलेल्यांपैकी किती जण विश्वासाने राहिले व किती निव्वळ सवयीने, याची विभागणी करण्याचे साधन नाही. तशी विभागणी माणसाच्या मनातही क्वचितच होत असते.

पाऊण शतकानंतर, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला. या वेळी भीतीने घेतलेले वळण वेगळे होते. मुंबई व वांद्रे भागात ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीगल्लीत क्रूस उभारले. त्यांतील कित्येकांवर त्या वर्षांचे आकडे कोरलेले आढळतात. क्रूसापुढे रोज प्रार्थना होई, आणि जी गल्ली वाचली ती आजही वार्षिक लदीन चुकवीत नाही. हाताला काम मिळाले होते. याच साथीत हाफकिनने १८९७ च्या आरंभी मुंबईत प्रतिबंधक लस सिद्ध केली. लस व क्रूस यांत पुढे फारसा विरोध उरला नाही. दोन्ही एकाच कुटुंबाच्या संरक्षणाला लागल्या. ईश्वराचे सामर्थ्य साधनांतूनही काम करते ही शिकवण धर्मशास्त्रात जुनी होती, परंतु वैद्याच्या सुईत ते ओळखण्यास लोकांना हा अनुभव लागला.

विसाव्या शतकातील धर्मव्यवस्थेचे बदल येथे नावापुरते सांगावेत. वसई दीर्घकाळ पोर्तुगीज पाद्रोआदुच्या अधिकाराखाली राहिली, १८८६ पासून दमणच्या धर्मप्रांतात, आणि १९२८ नंतर मुंबईच्या महाधर्मप्रांतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० नंतरच्या दशकात, लॅटिनची जागा मराठीने घेतली. जे घरातील पुराणवाचनात तीनशे वर्षांपूर्वी झाले होते ते वेदीवर आता झाले. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला व थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे याच मराठी वळणाचे फळ. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

भरवशाच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोठी घटना मात्र बैलांचा रहाट जाऊन तेलाचे इंजिन व पुढे विजेचा पंप आला ही होय. बैल दमत असे. तो दमला की उपसा थांबे आणि गोडे पाणी पुन्हा भरून येई. पंप दमत नाही. उपसा वाढला, समुद्राकाठच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. त्यातच मुंबईची वाढ रेल्वेमार्गाने उत्तरेकडे सरकली, आणि वसईच्या बागाईतीतील पाणी टँकरांतून बांधकामांकडे व नव्या वस्त्यांकडे जाऊ लागले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फादर दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. तिच्यात ख्रिस्ती व हिंदू दोन्ही समाजांचे लोक, आणि विशेषतः स्त्रिया, मोठ्या संख्येने होत्या. एका धर्मगुरूने पाण्यासाठी रस्त्यावर उतरावे याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. वसईचा धार्मिक इतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांना ते वाटण्याचे कारण नव्हते. तीनशे वर्षे येथील धर्मगुरू पाण्यासाठीच प्रार्थना करीत आले होते. फरक झाला तो देवाच्या सामर्थ्याच्या कल्पनेत. पाऊस देणे त्याचे. पडलेले पाणी राखणे मनुष्याचे, आणि ते न राखणे हे पाप, असा विचार प्रवचनांत शिरला. जुन्या शेतकऱ्याला तो अगदीच नवा नव्हता. बावखल खणणारा देवावर भरवसा ठेवीतच खणत होता.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. वसई-विरार महानगरपालिका त्याआधीच, २००९ मध्ये, अस्तित्वात आली होती. कित्येक बावखले बुजली आहेत. कणसे वेदीपुढे नेणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचे आता भाताचे शेत उरलेले नाही. तरी ऑक्टोबरात कणसे येतात. पाचूबंदरच्या धक्क्यावर होड्यांना डिझेलची यंत्रे बसली आहेत, हवामानखात्याचा इशारा भ्रमणध्वनीवर मिळतो, आणि तो मिळाल्यावर होड्या माघारी वळतातही. होडीच्या अंगावर सरकारी नोंदणीचा क्रमांक रंगविलेला असतो, आणि नाळेवर, त्याहून मोठ्या अक्षरांत, संताचे नाव.